हक्क मागणारा आणि हक्क मानणारा

(‘शिक्षण, मानवाधिकार आणि विश्वनागरिकत्व’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘मानवाधिकार’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील अनेक सज्जनांच्या कपाळावर आठी उमटते. याला कारणेही आहेत. अतिरेक्यांचा कैवार घेण्यासाठी आणि परकीय अहवालांतून भारताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी हा शब्द इतक्या वेळा वापरला गेला आहे की, त्याचा मूळ अर्थच झाकोळला आहे. ‘विश्वनागरिक’ या शब्दाची गत याहून निराळी नाही. ज्याला स्वतःच्या गावाची, भाषेची आणि कुलदैवताची लाज वाटते, तो विश्वनागरिक, अशीच काहींची समजूत दिसते. त्यामुळे राष्ट्रनिष्ठ माणूस या दोन्ही शब्दांपासून चार हात दूर राहतो.

परंतु दुसऱ्याने शब्द वाईट रीतीने वापरला म्हणून आपण तो टाकून द्यावा काय? दि. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी पुकारली गेली. ४ जुलैला संघावर बंदी आली. महाराष्ट्रातील शेकडो घरांतील कर्ता माणूस ‘मिसा’खाली स्थानबद्ध झाला. त्याला का धरले आणि किती काळ ठेवणार, हे विचारण्याची सोय त्याच्या पत्नीला नव्हती. दि. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीच्या काळात अशा नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत नोंदवणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. पुढे १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. येरवड्याच्या बराकीत जे राहिले, त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना मानवाधिकार म्हणजे काय, हे कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नाही. हा शब्द आपलाही आहे. प्रश्न इतकाच आहे की, तो आपण आपल्या मुलांना कसा शिकवणार?

जाहीरनाम्यावरील भारतीय मुद्रा

दि. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवाधिकारांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही आणि ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. हा जाहीरनामा म्हणजे पाश्चात्त्यांनी जगाला दिलेली देणगी, असे सर्रास सांगितले जाते. पण त्याचे पहिलेच कलम उघडावे. मूळ मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल असा इंग्रजी शब्द होता. समितीच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. त्या शब्दात स्त्रिया येतातच, असे त्यांचे म्हणणे होते. भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी मात्र हरकत घेतली. काही देशांत या शब्दाचा अक्षरशः अर्थ लावला जाईल आणि निम्मी मानवजात हक्कांबाहेर राहील, हे त्यांनी दाखवून दिले. अखेर ‘सर्व मानव’ अशी शब्दयोजना झाली. आज जगातील शेकडो भाषांतून हे कलम वाचले जाते, त्यातील तो एक शब्द एका भारतीय विदुषीच्या आग्रहाचे फळ आहे.

त्याच जाहीरनाम्याचे २६ वे कलम शिक्षणाविषयी आहे. प्राथमिक शिक्षण विनामूल्य व सक्तीचे असावे, एवढे सांगून ते थांबत नाही. शिक्षण कशासाठी, हेही ते सांगते. व्यक्तिमत्त्वाचा पूर्ण विकास, मानवाधिकारांविषयीचा आदर आणि राष्ट्राराष्ट्रांत, वंशावंशांत व धर्माधर्मांत सलोखा, ही उद्दिष्टे तेथे नोंदलेली आहेत. त्यामागे ताजा आणि भयंकर अनुभव होता. जर्मनी हे निरक्षरांचे राष्ट्र नव्हते. विद्यापीठे, ग्रंथालये, शास्त्रज्ञ आणि संगीतकार यांची तेथे रेलचेल होती. तरीही त्याच सुशिक्षित राष्ट्राच्या यंत्रणेने लाखो निरपराध ज्यूंना पद्धतशीरपणे मारले. त्या छावण्यांचे आराखडे अभियंत्यांनी काढले आणि माणसांची निवड डॉक्टरांनी केली. शिक्षण आहे म्हणून मानवाधिकार सुरक्षित आहेत, हा भ्रम त्या दिवशी गळून पडला. शिक्षण कोणते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

या संदर्भात महात्मा गांधींचे एक पत्र स्मरणीय आहे. १९४७ मध्ये युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सले यांनी मानवी हक्कांविषयी त्यांचे मत मागवले. गांधीजींनी अगदी थोडक्यात कळवले की, आपल्या निरक्षर पण सुज्ञ आईकडून आपण शिकलो ते असे की, नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच खरे हक्क उपजतात. निरक्षर आई आणि हक्कांचे तत्त्वज्ञान यांची ही सांगड बारकाईने पाहण्याजोगी आहे. हक्क सांगणारा दस्तऐवज पॅरिसमध्ये तयार होऊ शकतो. दुसऱ्याचा हक्क मानणारा माणूस मात्र घरात आणि शाळेतच तयार होतो. यातले दुसरे काम झाले नाही, तर पहिले काम कपाटात राहते. याची साक्ष शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. ज्या नगरात हंसाबेन वाढल्या, त्या बडोद्यातच ती सापडते.

बडोदे : एक चित्र

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड होत. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत उभे राहिले होते. तेथे जगाला ऐक्याचा संदेश दिला जात होता आणि इकडे काठेवाडातील खेड्यांत शेतकऱ्याच्या मुला-मुलींची नावे शाळेच्या पटावर चढत होती. ही दोन्ही कामे एकाच पुनरुत्थानाची अंगे मानली पाहिजेत. १९०६ साली सक्तीचे शिक्षण सबंध संस्थानात लागू झाले, आणि त्यात मुलीही होत्या. अंत्यज मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे निघाली. त्या शाळांत शिकवायला सवर्ण शिक्षक पुढे येईनात, तेव्हा आर्यसमाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांच्याकडे महाराजांनी हे काम सोपवले.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच सुमारास काय चालले होते? १६ मार्च १९११ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील सक्ती मर्यादित होती आणि ती टप्प्याटप्प्याने आणायची होती. एका देशी संस्थानाला जे जमते, ते साम्राज्याला का जमू नये, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासदांसमवेत काही हिंदी सभासदही होते, ही गोष्ट विसरता येत नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १० वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. ती मुदत १९६० साली उलटली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा संमत झाला २००९ साली. गोखल्यांच्या विधेयकानंतर तब्बल ९८ वर्षांनी! अमरेलीची खेडी मात्र त्या कायद्याच्या ११६ वर्षे आधी या वाटेवर चालू लागली होती.

अशा बडोद्यात दिवाण मनुभाई मेहतांच्या घरी हंसाबेन वाढल्या. बडोदे कॉलेजातून त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या. मुलींना शाळेत आणणाऱ्या संस्थानाची एक कन्या जगाच्या जाहीरनाम्यात स्त्रीचे स्थान निश्चित करते, हे शिक्षणाच्या सामर्थ्याचे याहून सुंदर उदाहरण कोणते सांगावे?

बडोदे : दुसरे चित्र

पण याच नगराचे दुसरेही चित्र आहे, आणि ते पाहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. अर्थशास्त्राचा गाढा अभ्यास करून, पुढे लंडनमध्येही शिक्षण घेऊन १९१७ साली तो संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी बडोद्यास आला. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्या काळी हिंदुस्थानात त्यांच्याइतके शिकलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. नेमणूक खुद्द महाराजांची होती. उणीव एकच होती. राहायला जागा मिळेना.

बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही, हे ठाऊक असल्याने ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ आले आणि त्याच दिवशी जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेले. नगरात बाबासाहेबांचे दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारायला हवे, असे सांगून वेळ मारून नेली. दोघेही सुशिक्षित होते. दोघांच्याही मनात द्वेष नव्हता. तेवढ्याने काही भागले नाही. कोलंबियाचा तो पदवीधर सार्वजनिक बागेत काही तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

या प्रसंगाचा नीट विचार केला पाहिजे. आपण नेहमी म्हणतो की, वंचितांना शिक्षण द्या म्हणजे त्यांना न्याय मिळेल. बडोद्यात काय कमी पडले? राजा उदार होता. कायदा होता. शाळा होत्या. ग्रंथालये तर गावोगाव होती. ज्याला वंचित म्हणायचे तो कोणाहीपेक्षा अधिक शिकलेला होता. म्हणजे अशिक्षित कोण राहिले होते? अशिक्षित राहिले होते ते धर्मशाळेचे रक्षणकर्ते, कचेरीतील कारकून, आणि नोकरांचा धाक सांगणारा तो सज्जन मित्र. हक्क मागणारा शिकला होता. हक्क मानणारा शिकायचा राहिला होता. मानवाधिकारांच्या शिक्षणाचा खरा विद्यार्थी कोण, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे. पीडिताला त्याच्या हक्कांची यादी पाठ करवणे सोपे असते. ज्याच्या हातात दार उघडण्याची कडी आहे, त्याला शिकवणे कठीण असते, आणि खरे काम तेच आहे.

दि. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. पॅरिसचा जाहीरनामा त्यानंतर ११ दिवसांनी झाला. मसुदा समितीचे अध्यक्ष होते तेच बाबासाहेब. बडोद्याने ज्यांना खोली दिली नाही, त्यांनी कोट्यवधींना समतेचे घर दिले. हिंदू समाजाने हे ऋण शब्दांनी नव्हे, आचरणाने फेडायचे आहे. दि. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते की, अस्पृश्यता जर चूक नसेल, तर जगात चूक म्हणण्यासारखे काहीच उरत नाही. ते भाषण आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. संग्रहातून ते घराच्या उंबरठ्यापर्यंत किती आले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जन्माने गुन्हेगार

गोखल्यांचे विधेयक ज्या १९११ साली मांडले गेले, त्याच साली त्याच कायदेमंडळाने गुन्हेगार जमातींचा सुधारित कायदा केला. मूळ कायदा १८७१ चा. आता त्याची व्याप्ती सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमातींतील मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. पोलिसांकडे हजेरी, परवान्यावाचून प्रवासास बंदी, आणि कित्येकांच्या वाट्याला तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव आजही ऐकू येते. मुलांसाठी शाळेचा कायदा नको आणि जमातींसाठी कुंपणाचा कायदा हवा, हे साम्राज्याच्या राज्यनीतीचे चित्र होते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण कागदावरून गेलेला कायदा मनातून जात नाही. गावात चोरी झाली की, पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते. शाळेत एखाद्याची पेन्सिल हरवली की, वर्गाचे डोळे कोणाकडे वळतात, हे शिक्षकांना विचारावे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे श्री. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकारी कार्यकर्त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे केले, ते या पार्श्वभूमीवर. ज्या मुलाला जन्मतारीख नाही, कायमचे गाव नाही, दाखला नाही, त्याला पटावर घेण्यापासून तेथे आरंभ होता. अशी मुले शिकून उभी राहिली, ही समाधानाची बाब आहे. परंतु यमगरवाडीचे यश त्या मुलांच्या गुणपत्रिकेवरच मोजून चालणार नाही. तेथून बाहेर पडलेल्या मुलाला शहरात भाड्याने खोली मिळते का, त्याचे आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो का, यावर ते मोजावे लागेल. म्हणजे पुन्हा बडोद्याचाच प्रश्न.

शाळाच हक्क हिरावते तेव्हा

विश्वनागरिकत्वाविषयी बोलताना आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे. शाळा ही आपोआप पवित्र होत नाही. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील मूलनिवासी जमातींची दीड लाखांहून अधिक मुले आई-बापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली. शाळा बहुतांशी चर्चच्या हाती होत्या, पैसा शासनाचा होता. मुलांचे केस कापले, नावे बदलली आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा केली. हजारो मुले तेथे दगावली. दि. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून क्षमा मागितली. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याला मत देणाऱ्या देशात हे त्या मतानंतरही अनेक दशके चालू होते. मुलाला त्याच्या भाषेपासून आणि पूर्वजांपासून तोडणे म्हणजे त्याला आधुनिक करणे, ही कल्पना मेकॉलेच्या वारसांना आजही मोह घालते. तिचे टोक कोठे जाते, हे कॅनडाने दाखवले आहे.

याच्या शेजारी आपल्या भूमीवरील एक उदाहरण ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पोलंडच्या लाखो नागरिकांना सैबेरियाकडे हाकलले. त्यांतील अनेक कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला आणि आपण त्यांचे पितृस्थानी आहोत, असा धीर दिला. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथे पोलिश भाषेच्या शाळा होत्या, त्यांचे चर्च होते, त्यांचे सण होते. हिंदू राजांच्या भूमीत राहून ती मुले पोलिशच राहिली. कोणी त्यांचे नाव बदलले नाही, कोणी त्यांचा देव बदलला नाही. वॉर्सातील एका शाळेला आज जामसाहेबांचे नाव आहे. तेथे वळिवड्याच्या स्मृतीचेही स्मारक उभे असून, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही स्मारकांवर पुष्पांजली वाहिली.

हेच आपले विश्वनागरिकत्व. त्यात स्वतःचे घर मोडावे लागत नाही आणि दुसऱ्याचेही मोडावे लागत नाही. ज्याला स्वतःच्या मातृभाषेचे मोल ठाऊक आहे, त्यालाच परक्या मुलाच्या मातृभाषेचे मोल कळते. आपले मूळ विसरलेला माणूस विश्वाचा नागरिक होत नाही. तो कोणत्याच गावाचा राहत नाही.

तथापि येथे आत्मसंतुष्ट होण्याचा धोका आहे. पृथ्वीला कुटुंब म्हणणारे प्राचीन वचन महोपनिषदात आहे, ते जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आजच्या संविधान सदनाच्या, प्रवेशदालनात कोरलेले आहे, आणि आपल्या प्रत्येक व्यासपीठावर ते उच्चारले जाते. हेच वचन हितोपदेशातही येते. पण ते तेथे कोणाच्या तोंडी आहे? हरिणाला फसवून खाऊ पाहणाऱ्या कोल्ह्याच्या! नारायण पंडिताने मोठ्या मार्मिकपणे इशारा देऊन ठेवला आहे. उदात्त वचन म्हणता येणे ही चारित्र्याची खूण नव्हे. जगाला कुटुंब म्हणणाऱ्याच्या आळीत कोणाला भाड्याने घर नाकारले जाते, हे आधी पाहावे. परिषदांत मानवाधिकारांचे पाठ देणाऱ्या महासत्तांना हा इशारा जितका लागू आहे, तितकाच तो आपल्यालाही आहे.

पंचवीस टक्के आणि एक डबा

मग करायचे काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीयत्वाचा अभिमान आणि मानवाधिकार व जागतिक कल्याण यांविषयीची निष्ठा ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वाक्यात गुंफली आहेत. ही सांगड योग्य आहे. पण धोरणाची परीक्षा पुस्तकातील धड्यात होत नाही. ती शिक्षण हक्क कायद्याच्या एका कलमात रोज होते आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे ते कलम. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. महाराष्ट्रात २०२४ साली सरकारी वा अनुदानित शाळेच्या परिसरातील खासगी शाळांना यातून सूट देणारा नियम आला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. शासनाकडून शुल्काची भरपाई वेळेवर मिळत नाही, ही शाळांची तक्रार खरी आहे, आणि तिची तड लागलीच पाहिजे.

परंतु तक्रारीचा आणखी एक सूर आहे, जो न्यायालयात मांडला जात नाही. तो पालकांच्या आपसातील बोलण्यात असतो. ‘त्या’ मुलांमुळे आमच्या मुलांच्या भाषेवर परिणाम होईल, संगत बिघडेल, हा तो सूर. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा आपल्या मुलीच्या शेजारच्या बाकावर बसला आहे. कायद्याने त्याला बाक दिले. वाढदिवसाचे आमंत्रण त्याला कायदा देणार नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातील भाकरी कोणी खावी, हे न्यायालय सांगणार नाही. शिक्षकाने त्याला नावाने हाक मारावी की ‘पंचवीस टक्केवाला’ म्हणावे, याचे परिपत्रक निघणार नाही. बडोद्याच्या त्या हिंदू मित्रानेही द्वेष केला नव्हता. नोकर जातील, एवढेच तो म्हणाला होता. आजचा सज्जन म्हणतो, मुलांची संगत बिघडेल. शब्द बदलले आहेत. दार तेवढेच बंद आहे.

मध्यमवर्गीय कुटुंबांवर आणि कार्यकर्त्यांवर म्हणूनच विशेष दायित्व आहे. राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये १९७६ साली आली. २००२ साली त्यांत आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे पालकांचे कर्तव्य जोडले गेले. समाजधर्म त्याच्याही एक पाऊल पुढे जातो. आपल्या मुलाला शिकवणे हे कर्तव्य, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याचे शिक्षण निर्विघ्न होऊ देणे हेही कर्तव्य. शाखेत ‘सर्व हिंदू बंधू’ म्हणायचे आणि सदनिका भाड्याने देताना आडनाव विचारायचे, हे एका माणसात नांदू शकत नाही. शाळांच्या संचालक मंडळांवर आपले अनेक कार्यकर्ते आहेत. आपल्या शाळेत या २५ टक्क्यांतील किती मुले आली, त्यांतील किती मधेच गळली आणि का गळली, याची विचारणा त्यांनी या वर्षीच्या पहिल्याच बैठकीत करावी. शिक्षक असलेल्यांनी आपल्या वर्गात कोणाचा डबा एकट्याने खाल्ला जातो, ते पाहावे. आणि घरोघरच्या माता-भगिनींनी मुलीच्या वाढदिवसाची यादी करताना वर्गाच्या पटावरील सर्व नावे एकदा वाचावीत.

सयाजीरावांनी मुलांना शाळेत आणले, बाबासाहेबांनी हक्काला घटनेचा आधार दिला, हंसाबेननी जगाच्या जाहीरनाम्यात मानव हा शब्द आग्रहाने लिहवून घेतला. या तिघांनी आपापला वाटा उचलला आहे. दार आतून उघडण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे. त्या कामासाठी पॅरिसला जावे लागत नाही, न्यायालयात जावे लागत नाही. कडी आपल्याच हाताशी आहे.